घटक ५ : आंतरवासिता : अनुभवाचे व्यावसायिक मोल

घटक रचना

५.० उद्दिष्टे
५.१ प्रास्ताविक
५.२ विषय-विवेचन
 ५.२.१ आंतरवासिता : संज्ञा आणि स्वरूप
 ५.२.२ संस्थेची निवड
 ५.२.३ काम सुरू होण्यापूर्वीची निश्चिती
 ५.२.४ एक नमुना : प्रकाशनसंस्थेतील मुद्रितशोधन
 ५.२.५ कार्यनोंदवही
 ५.२.६ अडचणी आणि हक्क
 ५.२.७ अनुभवाची मांडणी
५.३ सारांश
५.४ पारिभाषिक शब्द
५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
५.६ सरावासाठी स्वाध्याय
५.७ क्षेत्रीय कार्य

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• आंतरवासिता, शिकाऊ उमेदवारी आणि नोकरी यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• आपला वेळ, गाव आणि भाषिक कौशल्ये लक्षात घेऊन योग्य संस्था निवडता येईल.
• कामाचे स्वरूप, तास आणि मोबदला यांविषयी आधीच स्पष्ट बोलणी करता येतील.
• कार्यनोंदवही ठेवता येईल व तिच्या आधारे आपला अनुभव नेमक्या शब्दांत मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण मुद्रितशोधन, अनुवाद, वृत्तलेखन आणि कार्यालयीन लेखन या व्यावहारिक कौशल्यांचा परिचय करून घेतला. ही कौशल्ये पुस्तक वाचून समजतात. परंतु हातात बसतात ती काम करूनच. म्हणून पदवी अभ्यासक्रमात आंतरवासितेला, म्हणजेच बोलीभाषेत ‘इंटर्नशिप’ला, स्थान मिळू लागले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने उच्च शिक्षणाची प्रत्यक्ष कामाशी सांगड घालण्यावर भर दिल्यापासून या विषयाला अधिक महत्त्व आले.

तथापि दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्याहून वेगळी असते. आपल्यापैकी कोणी दिवसभर दुकानात हिशेब लिहीत असेल, कोणी अंगणवाडीत काम करीत असेल, कोणी घर आणि शेती सांभाळून रात्री अभ्यासाला बसत असेल. आपण आंतरवासितेसाठी जो वेळ काढतो, तो विश्रांतीतून, घरच्या कामातून किंवा रोजच्या कमाईतून काढलेला असतो. त्या वेळेच्या बदल्यात शेवटी फक्त एक प्रमाणपत्र हाती यावे आणि मुलाखतीत ‘तुम्ही तेथे नेमके काय केले?’ या प्रश्नाला उत्तर नसावे, हे नुकसान आपणांस परवडणारे नाही.

आंतरवासितेचे मोल प्रमाणपत्रावर ठरत नाही. आपण पूर्ण केलेले, दुसऱ्याला दाखवता येणारे एखादे काम आणि ते काम जवळून पाहिलेली, त्याविषयी बोलू शकणारी एक जाणकार व्यक्ती या दोन गोष्टींवर ते ठरते. या दोन गोष्टी कशा मिळवाव्यात, याचे विवेचन प्रस्तुत घटकात केले आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ आंतरवासिता : संज्ञा आणि स्वरूप

‘आंतरवासी’ या शब्दात आत राहणारा असा अर्थ आहे. गुरूजवळ राहून शिकणाऱ्या शिष्याला संस्कृतात ‘अंतेवासी’ म्हणत. त्या शब्दाशीही या संज्ञेचे अर्थाच्या दृष्टीने जवळचे नाते आहे. कामाच्या जागी राहून, काम करणाऱ्यांच्या सहवासात शिकणे हा या संज्ञेचा गाभा होय.

ही संज्ञा वैद्यकीय शिक्षणात रूढ आहे. एम.बी.बी.एस. झालेल्या विद्यार्थ्याला बारा महिन्यांची सक्तीची आंतरवासिता करावी लागते. कोणत्या विभागात किती दिवस काम करायचे हे तेथे ठरलेले असते आणि केलेल्या कामाच्या नोंदींवर वरिष्ठांची स्वाक्षरी घ्यावी लागते. शिक्षणशास्त्रातही ‘छात्रसेवाकाल’ या नावाने अशीच व्यवस्था आहे. या दोन्ही ठिकाणी कामाची चौकट संस्था पुरवते. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र अशी तयार चौकट बहुधा मिळत नाही. प्रकाशनसंस्था, वृत्तपत्र किंवा ग्रंथालय यांच्याकडे आंतरवासींसाठी आखलेला कार्यक्रम असेलच असे नाही. म्हणून ती चौकट आपणच आखावी लागते.

येथे तीन संज्ञांतील भेद लक्षात घ्यावा. नोकरीत काम हा मुख्य हेतू असतो व त्याबद्दल वेतन मिळते. शिकाऊ उमेदवारी ही १९६१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते. तीत लेखी करार असतो आणि विद्यावेतन द्यावे लागते. आंतरवासितेत शिकणे हा मुख्य हेतू असतो. विद्यावेतन मिळेल किंवा न मिळेल, हे संस्थेवर वा योजनेवर अवलंबून असते. एखादी संस्था ‘आंतरवासी’ म्हणून घेऊन काहीही न शिकवता पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे काम विनामोबदला करून घेत असेल, तर ती आंतरवासिता नव्हे, हे स्पष्टपणे ओळखावे.

५.२.२ संस्थेची निवड

निवड करताना मोठ्या नावाला अनेकदा वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते. मोठ्या संस्थेत आंतरवासी अनेक असतात आणि वरिष्ठांना वेळ कमी असतो. तालुक्याच्या गावातील लहान प्रकाशकाकडे किंवा जिल्हा वृत्तपत्राच्या कार्यालयात मनुष्यबळ कमी असल्यामुळे खरे काम लवकर हाती येण्याचा संभव अधिक असतो. म्हणून संस्थेविषयी पुढील तीन प्रश्न विचारावेत.

१) येथे माझे काम कोण तपासणार आहे? तपासणारी व्यक्ती नसेल तर शिकणे होणार नाही.
२) शेवटी माझ्या हातून कोणती पूर्ण वस्तू तयार होईल? सूची, अनुवाद, तपासलेले पुस्तक, प्रसिद्ध झालेली बातमी यांपैकी काही व्हावे.
३) मला पुढे ज्या क्षेत्रात जायचे आहे, त्या क्षेत्रातील लोक या कामाला ओळखतात का?

मराठीच्या पदवीधरासाठी उपलब्ध क्षेत्रे आपण समजतो त्याहून अधिक आहेत. प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधन, सूचीकरण व मलपृष्ठावरील मजकुराचे लेखन करता येते. वृत्तपत्रात बातमीचे संपादन व वाचकपत्रांची निवड ही कामे असतात. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये राज्यभर असून, त्यांत जुन्या नियतकालिकांची सूची करण्याचे काम पुष्कळदा पडून असते. सामाजिक संस्थांना अहवाल आणि प्रशिक्षणपुस्तिका सोप्या मराठीत हव्या असतात. अनुवाद आणि चित्रपट-मालिकांची उपशीर्षके ही कामे घरबसल्याही करता येतात. गोवा, बेळगाव, इंदूर किंवा बडोदा येथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हा मार्ग मोकळा आहे.

वेळेचे गणितही आधी मांडावे. एक श्रेयांक म्हणजे साधारणतः ३० तासांचे अध्ययन असे धरले जाते. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास झाले. शनिवारी चार आणि रविवारी चार असे आठवड्याला आठ तास काढता आले, तर हे काम १५ आठवड्यांत पूर्ण होते. नोकरी न सोडताही आंतरवासिता करता येते, हे या हिशेबावरून दिसून येईल.

शासकीय योजनांकडेही लक्ष ठेवावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांसाठी ६,००० रुपये, आय.टी.आय. व पदविकाधारकांसाठी ८,००० रुपये आणि पदवीधरांसाठी १०,००० रुपये असे मासिक विद्यावेतन ठरवण्यात आले. अशा योजनांत वय, रहिवास आणि शिक्षण चालू असणे वा नसणे यांविषयी अटी असतात व त्या बदलतही असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रचलित शासननिर्णय स्वतः वाचावा. त्याचप्रमाणे प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरीचे आश्वासन नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१) गुरूजवळ राहून शिकणाऱ्या शिष्याला संस्कृतात ........ म्हणत.
२) चार श्रेयांकांसाठी साधारणतः ........ तासांचे अध्ययन अपेक्षित असते.
(ब) चूक की बरोबर ते सांगा.
१) शिकाऊ उमेदवारीत लेखी करार असतो.
२) संस्था जितकी मोठी तितके आंतरवासीला खरे काम लवकर मिळते.

५.२.३ काम सुरू होण्यापूर्वीची निश्चिती

आंतरवासितेतील बहुतेक निराशेचे मूळ पहिल्या भेटीतील संकोचात असते. ‘आपण शिकायला आलो आहोत, अटी कशा विचाराव्यात?’ असे प्रौढ विद्यार्थ्यालाही वाटते. परंतु नम्रपणे विचारलेला स्पष्ट प्रश्न कोणत्याही चांगल्या संस्थेला खटकत नाही. उलट, विचारणाऱ्याला आपल्या वेळेची किंमत कळते, हे त्यातून दिसते.

बोलणी झाल्यावर तीच लेखी पाठवावीत. पुढे एक नमुना दिला आहे.

“महोदया,
काल झालेल्या भेटीबद्दल आभारी आहे. ठरल्याप्रमाणे मी दर शनिवारी व रविवारी सकाळी १० ते २ या वेळेत, १५ आठवडे, आपल्या संस्थेत आंतरवासी म्हणून काम करीन. पहिल्या तीन आठवड्यांत कार्यालयीन कामाची ओळख आणि त्यानंतर मुद्रितशोधन असे कामाचे स्वरूप आपण सांगितले आहे. माझे काम आपल्या संपादकीय विभागातील ज्येष्ठ मुद्रितशोधक तपासतील. प्रवासखर्च संस्था देईल. शेवटी केलेल्या कामाचा तपशील असलेले पत्र मिळावे, अशी विनंती आहे. यात काही राहिले असल्यास कृपया कळवावे.”

या पत्रात वेळ, कालावधी, काम, मार्गदर्शक, पैसे आणि शेवटचे पत्र हे सहा मुद्दे आले आहेत. ‘आपण सांगितले आहे’ या शब्दरचनेमुळे ते मागणीपत्र वाटत नाही. झालेल्या बोलण्याची ती नोंद ठरते. काम बदलले तर पुढे याच पत्राचा आधार घेऊन बोलता येते.

५.२.४ एक नमुना : प्रकाशनसंस्थेतील मुद्रितशोधन

आता वरील तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, ३८ वर्षांची एक विद्यार्थिनी आठवडाभर किराणा दुकानात हिशेब पाहते आणि शनिवार-रविवार एका लहान प्रकाशनसंस्थेत जाते. पहिले तीन आठवडे तिच्याकडे पाकिटांवर पत्ते लिहिणे, पुस्तकांचे गठ्ठे मोजणे आणि साठ्याची यादी करणे एवढेच काम येते. १२० तासांपैकी २४ तास असे गेले. चौथ्या आठवड्यातही पाकिटेच समोर आल्यावर ती तक्रार करीत नाही आणि गप्पही राहत नाही. ठरलेल्या पत्राची आठवण देऊन ती मार्गदर्शकांना म्हणते, “सर, साठ्याची यादी पूर्ण झाली आहे. आज एखादा फर्मा तपासायला मिळाला, तर मी तो आपल्याला दाखवीन. चुका राहिल्या तर कळतील तरी.”

फर्मा म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पृष्ठांचा संच. पुस्तकछपाईत तो बहुधा १६ पृष्ठांचा असतो. तिला २४० पृष्ठांच्या एका आत्मकथनाच्या दुसऱ्या मुद्रिताचा पहिला फर्मा मिळतो. संपूर्ण पुस्तक १५ फर्म्यांचे आहे. येथे तिचे खरे शिक्षण सुरू होते.

पहिली गोष्ट तिच्या लक्षात येते ती अशी, की व्याकरणाच्या पुस्तकातील नियम माहीत असणे आणि ओळीत लपलेली चूक दिसणे या भिन्न क्षमता आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते १८ झाले. हे नियम तिने परीक्षेसाठी पाठ केले होते. परंतु ‘तज्ञ’ हे रूप ‘तज्ज्ञ’ असे हवे, ‘उर्जा’ नव्हे ‘ऊर्जा’ हवे, ‘कवी’ दीर्घ असला तरी ‘कविराज’ मध्ये ऱ्हस्वच राहतो, हे वाचनाच्या ओघात टिपणे तिला पहिल्या दिवशी जमत नाही. मार्गदर्शक तपासतात तेव्हा पहिल्या फर्म्यातील कितीतरी चुका तिच्या नजरेतून सुटलेल्या असतात.

दुसरी गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात तिला मिळाली नसती. हस्तलिखिताची अक्षरजुळणी जुन्या टंकात झाली होती व नंतर ती युनिकोडमध्ये रूपांतरित केली गेली. या रूपांतरात ‘ऱ्य’ च्या जागी सर्रास ‘र्य’ झाले होते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीचे वर्णन करताना लेखकाने लिहिलेल्या ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे ‘आचार्यांना’ झाले आणि स्वयंपाक करणाऱ्यांच्या जागी विद्वान आले. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ एका ठिकाणी ‘दर्या’ होऊन समुद्राला मिळाल्या. दोन्ही शब्द स्वतंत्रपणे शुद्ध असल्यामुळे संगणकाची शब्दतपासणी त्यांना चूक म्हणत नाही. अर्थ कळणारा वाचकच ती पकडू शकतो. मराठीच्या पदवीधराची या व्यवसायात गरज का आहे, याचे उत्तर तिला या एका अक्षरात मिळते.

तिसरी गोष्ट म्हणजे एकरूपता. एकाच गावाचे नाव पुस्तकात दोन प्रकारे लिहिलेले, कोठे ‘इ. स.’ तर कोठे ‘सन’, कोठे अंकात तर कोठे अक्षरात संख्या. हे पाहून ती स्वतःहून एक वही करते : प्रत्येक संशयास्पद शब्द, या पुस्तकात स्वीकारलेले त्याचे रूप आणि तो प्रथम जेथे आला त्या पृष्ठाचा क्रमांक. शेवटच्या फर्म्यापर्यंत ही लेखनरूपसूची ११० शब्दांची होते. कोणी सांगितलेले नसताना झालेली ही सूची मार्गदर्शक पुढच्या पुस्तकासाठी मागून घेतात. तिच्या आंतरवासितेतील सर्वांत मोलाची वस्तू हीच.

चौथी गोष्ट अवघड होती. नववा फर्मा छपाईसाठी अंतिम करून दिल्यावर तिच्या लक्षात येते, की त्यातील एका प्रकरणाचे शीर्षक अनुक्रमणिकेतील शीर्षकाशी जुळत नाही. ही चूक तिच्याच हातून सुटली होती. गप्प राहिले असते तर छपाई होईपर्यंत कोणाला कळले नसते. ती त्याच संध्याकाळी दूरध्वनी करून चूक सांगते, पृष्ठक्रमांक देते, आणि पुढील फर्म्यांसाठी प्रत्येक शीर्षक अनुक्रमणिकेशी स्वतंत्रपणे ताडून पाहण्याची पद्धत सुरू करते. पुढे शिफारसपत्र लिहिताना मार्गदर्शक याच प्रसंगाचा उल्लेख करतात. चूक न करणारा मुद्रितशोधक कोणालाच मिळत नाही. चूक वेळेत सांगणारा मात्र प्रत्येकाला हवा असतो.

५.२.५ कार्यनोंदवही

वरील उदाहरणातील विद्यार्थिनीला हे सर्व चार महिन्यांनीही सांगता येते, कारण तिने रोजच्या कामाची नोंद ठेवली होती. नोंदवहीत दिनांक, तास, केलेले काम, आलेली अडचण, मार्गदर्शकांची सूचना आणि तयार झालेली वस्तू असे सहा रकाने असावेत. काम संपताच, घरी निघण्यापूर्वी, दहा मिनिटांत नोंद करावी.

निरुपयोगी नोंद : “आज मुद्रितशोधन केले. खूप शिकायला मिळाले.”

उपयुक्त नोंद : “शनिवार, ४ तास. फर्मा ५ (पृ. ६५ ते ८०). पहिल्या मुद्रितातील खुणांप्रमाणे दुरुस्त्या झाल्या की नाही ते ताडून पाहिले. सात दुरुस्त्या राहिल्या होत्या. पृ. ७१ वर एक ओळ गळालेली सापडली. सूचना : सलग वाचण्यापूर्वी फक्त पृष्ठांक आणि शीर्षके एकदा पाहावीत. सूचीत ९ शब्दांची भर.”

दुसऱ्या नोंदीत विशेषणे नाहीत. संख्या, पृष्ठे आणि कृती आहेत. दर चार आठवड्यांनी ही वही मार्गदर्शकांना दाखवून त्यांची स्वाक्षरी घ्यावी. त्यामुळे शेवटी मिळणारे पत्र तपशीलवार होते, कारण ते लिहिणाऱ्याच्या हाती साहित्य असते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ या रूपांतील चूक संगणकाच्या शब्दतपासणीत का सापडत नाही?
२) काम सुरू होण्यापूर्वीच्या पत्रात कोणते सहा मुद्दे असावेत?
३) कार्यनोंदवहीवर मार्गदर्शकांची स्वाक्षरी का घ्यावी?

५.२.६ अडचणी आणि हक्क

किरकोळ कामे. प्रत्येक कार्यालयात काही किरकोळ कामे असतात आणि ती करण्यात कमीपणा नाही. साठ्याची यादी करताना कोणती पुस्तके विकली जातात हे कळते, हेही शिक्षणच आहे. परंतु एकूण तासांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळ अशा कामांत जाऊ लागला, तर बोलावे. बोलूनही बदल झाला नाही, तर ती आंतरवासिता नम्रपणे थांबवून दुसरी शोधावी.

पैशांची मागणी. आंतरवासिता देण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘प्रमाणपत्र शुल्क’ मागणाऱ्या संस्थेपासून दूर राहावे. जेथे शिकणाऱ्याकडूनच पैसे घेतले जातात, तेथे बहुधा प्रमाणपत्र हाच विक्रीचा माल असतो.

गोपनीयता. अप्रकाशित हस्तलिखित लेखकाचे असते. त्यातील पृष्ठांचे छायाचित्र काढणे, ते समाजमाध्यमांवर टाकणे किंवा मुलाखतीत दाखवणे योग्य नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर, संस्थेच्या परवानगीने, आपले काम दाखवावे. तोपर्यंत स्वतः केलेली लेखनरूपसूचीही संस्थेला विचारूनच दाखवावी.

वयाचा संकोच. मार्गदर्शक आपल्यापेक्षा वयाने लहान असू शकतो. त्याच्याकडून शिकताना अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी एकमेकांना ‘अहो’ने संबोधून कामापुरते नाते स्वच्छ ठेवावे. आपला जीवनानुभव ही उणीव नसून जमेची बाजू असते. आत्मकथनातील पंगत, बाजार किंवा शेती यांचे तपशील तपासताना तोच उपयोगी पडतो.

सुरक्षितता. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेला केंद्रीय कायदा प्रशिक्षणार्थी महिलांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थेबाबत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. विनावेतन काम करणाऱ्या महिलेलाही हे संरक्षण आहे.

५.२.७ अनुभवाची मांडणी

आंतरवासिता संपल्यानंतरचा पंधरवडा महत्त्वाचा असतो. आठवणी ताज्या असतात आणि मार्गदर्शकांनाही आपले काम आठवत असते. या काळात तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, स्वपरिचयपत्रातील नोंद. “एका प्रकाशनसंस्थेत साडेतीन महिने इंटर्नशिप. मुद्रितशोधनाचा अनुभव.” ही नोंद वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : “२४० पृष्ठांच्या आत्मकथनाचे दुसरे मुद्रित पहिल्याशी ताडून तपासले. टंकरूपांतरातील चुका शोधून दुरुस्त केल्या. पुस्तकासाठी ११० शब्दांची लेखनरूपसूची तयार केली. संस्थेने ती पुढील पुस्तकासाठी स्वीकारली.” यात अतिशयोक्ती एका शब्दाचीही नाही, आणि ती नसावी. केलेल्या कामाहून अधिक सांगितलेले पहिल्याच उपप्रश्नाला उघडे पडते.

दुसरी, शिफारसपत्र. ‘यांनी समाधानकारक काम केले’ असे सर्वसाधारण पत्र फारसे उपयोगी पडत नाही. मार्गदर्शकांना नोंदवहीतील चार-पाच ठळक कामांची यादी देऊन त्यांपैकी जी त्यांना उल्लेखनीय वाटतात ती लिहिण्याची विनंती करावी. पुढे कोणी विचारल्यास दूरध्वनीवर बोलण्याची त्यांची तयारी आहे का, हेही विचारून ठेवावे.

तिसरी, संबंध टिकवणे. तपासलेले पुस्तक प्रसिद्ध झाले की अभिनंदनाचा निरोप पाठवावा. दिवाळी अंकांच्या हंगामात प्रकाशकांवर व मुद्रणालयांवर कामाचा मोठा भार असतो. त्याआधी, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, आपण मोबदल्यावर मुद्रितशोधन करण्यास उपलब्ध आहोत असे कळवावे. मराठी मुद्रितशोधनाचे बरेच काम पृष्ठामागे दर ठरवून बाहेरच्या व्यक्तींना दिले जाते. काम देणारा त्या वेळी पदवीपेक्षा ‘हिला दिलेला फर्मा वेळेवर आणि नीट येतो’ ही खात्री आधी पाहतो. पंधरा आठवड्यांत ती खात्री निर्माण झाली असेल, तर आंतरवासिता सार्थकी लागली असे समजावे.

५.३ सारांश

कामाच्या जागी राहून शिकणे म्हणजे आंतरवासिता. वैद्यकशास्त्रात व शिक्षणशास्त्रात तिची चौकट संस्था आखते. मराठीच्या विद्यार्थ्याला ती स्वतः आखावी लागते. संस्था निवडताना तिच्या नावापेक्षा काम तपासणारी व्यक्ती आणि हातून तयार होणारी वस्तू यांना महत्त्व द्यावे. वेळ, कालावधी, काम, मार्गदर्शक, पैसे आणि शेवटचे पत्र हे मुद्दे आधीच लेखी ठरवावेत. कार्यनोंदवहीत संख्या व कृती यांच्या रूपात नोंदी कराव्यात. आपल्या चुका वेळेत सांगाव्यात. शुल्क मागणाऱ्या संस्था टाळाव्यात, हस्तलिखिताची गोपनीयता पाळावी आणि आपले कायदेशीर हक्क जाणून घ्यावेत. शेवटी पूर्ण केलेले काम आणि त्याविषयी बोलू शकणारी जाणकार व्यक्ती या दोन गोष्टी हाती असाव्यात.

५.४ पारिभाषिक शब्द

आंतरवासिता : शिकण्याच्या हेतूने ठरावीक काळ संस्थेत राहून केलेले काम, इंटर्नशिप.
विद्यावेतन : प्रशिक्षणकाळात मिळणारी ठरावीक रक्कम.
मुद्रित : छपाईपूर्वी तपासणीसाठी काढलेली प्रत, प्रूफ.
फर्मा : एकत्र छापल्या जाणाऱ्या पृष्ठांचा संच.
लेखनरूपसूची : एखाद्या पुस्तकापुरती स्वीकारलेल्या शब्दरूपांची यादी.
श्रेयांक : अध्ययनाच्या तासांवर आधारित मूल्यमापनाचे एकक.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) १) अंतेवासी २) १२०. (ब) १) बरोबर २) चूक.
प्रश्न – २ : १) दोन्ही रूपे स्वतंत्रपणे शुद्ध असून चूक केवळ संदर्भाच्या अर्थावरून कळते. २) वेळ, कालावधी, काम, मार्गदर्शक, पैसे आणि शेवटचे पत्र. ३) नोंदींना दुजोरा मिळतो आणि त्यांच्या आधारे तपशीलवार शिफारसपत्र लिहिता येते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१) आंतरवासिता, शिकाऊ उमेदवारी आणि नोकरी यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२) ‘मराठीच्या विद्यार्थ्याला आंतरवासितेची चौकट स्वतः आखावी लागते’, या विधानाची चर्चा करा.
३) आपल्या जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांची सूची करण्याची इच्छा व्यक्त करणारे पत्र ग्रंथपालांना लिहा.
४) आपण आजवर केलेल्या कोणत्याही एका कामाची (नोकरी, घरगुती वा सामाजिक) स्वपरिचयपत्रासाठी तीन ओळींत नोंद करा. विशेषणे वापरू नका.

५.७ क्षेत्रीय कार्य

१) आपल्या परिसरातील प्रकाशनसंस्था, वृत्तपत्र कार्यालय, मुद्रणालय किंवा सार्वजनिक ग्रंथालय यांपैकी एका ठिकाणी भेट द्या. तेथे भाषेशी संबंधित कोणती कामे होतात व ती कोण करते, यांची यादी करा. त्यांपैकी आपणांस आज करता येईल असे एक काम आणि शिकावे लागेल असे एक काम निवडून, त्यांविषयी दोन पृष्ठांचे टिपण लिहा व संपर्कसत्रात समंत्रकांशी चर्चा करा.
२) कोणत्याही एका दैनिकाचे एक पान घेऊन त्यातील लेखनविषयक चुका आणि एकरूपतेचा अभाव यांची लेखनरूपसूची तयार करा.